जमीन वाचणारे प्राध्यापक: इयन मॅकहार्ग

गावाबाहेरून नवा रस्ता जाणार असे ठरले की नकाशावर पहिली रेघ कुठून ओढायची, हे कसे ठरते? बहुतेक ठिकाणी दोन टोकांमधले अंतर आणि जमिनीचा भाव या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. ओढा कुठून वाहतो, उतारावरची माती धरून राहील का, पाणी कुठे मुरते, हे प्रश्न रस्ता झाल्यावर, पहिला जोराचा पाऊस पडल्यावर निघतात. हा क्रम उलटा करावा म्हणून इयन मॅकहार्ग नावाच्या एका स्कॉटिश माणसाने अमेरिकेत चार दशकांहून अधिक काळ खटपट केली. ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चरचे प्राध्यापक होते आणि त्यातली बरीच वर्षे रचनाकारांच्या एका कचेरीत भागीदारही होते. त्यांची कारकीर्द आपण टप्प्याटप्प्याने पाहू आणि मध्ये थांबून त्यांची नकाशांची पद्धत नीट उलगडून घेऊ. यासाठी भूगोलाचे किंवा चित्रकलेचे विशेष ज्ञान लागत नाही.

आधी विषयाबद्दलचा एक नेहमीचा गैरसमज दूर करू. लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे बंगल्यापुढे हिरवळ लावायची आणि कडेने फुलझाडांचे वाफे करायचे, असे पुष्कळांना वाटते. ते माळीकाम, आणि तेही मोलाचेच. लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे भूदृश्यरचनाकार, भिंतींच्या बाहेरच्या सगळ्या जागेचा विचार करतो: जमिनीचा चढउतार कसा आहे, पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, माती कोणती, झाडे कोणती, माणसे कुठून चालतील. ही जागा शाळेच्या अंगणाएवढी असू शकते, नाहीतर अख्ख्या नदीखोऱ्याएवढी. मॅकहार्ग यांचा ओढा खोऱ्यांकडे होता.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १९२० रोजी क्लाइडबँक इथला. हे ग्लासगोला लागून असलेले जहाजबांधणीचे गाव. घरापासून एका दिशेला चालत गेले की गोद्या, कारखाने आणि धुराने काळवंडलेल्या चाळी. दुसऱ्या दिशेला गेले की शेते, ओढे आणि डोंगर. पुढे लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवात त्यांनी याच दोन वाटांपासून केली. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी शाळा सोडली आणि बागा-मैदानांच्या रचनेचे काम शिकायला सुरुवात केली.

मग दुसरे महायुद्ध आले. मॅकहार्ग ब्रिटिश सैन्यात हवाई छत्रीधारी तुकडीत होते आणि इटलीच्या आघाडीवर लढले. युद्ध संपल्यावर ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि तिथून भूदृश्यरचना आणि नगररचना अशा दोन्ही विषयांच्या पदव्या घेऊन बाहेर पडले. ही दुहेरी तयारी ध्यानात ठेवावी. केवळ बाग शिकलेल्या माणसाला शहर कसे वाढते ते कळत नाही, आणि केवळ शहर शिकलेल्याला माती कळत नाही. तरीही हार्वर्डच्या त्या काळच्या अभ्यासक्रमात निसर्गविज्ञानाला फारशी जागा नव्हती, आणि ही उणीव त्यांना आयुष्यभर जाणवत राहिली.

पदव्या हाती येतात न येतात तोच क्षयरोगाने गाठले. स्कॉटलंडमधल्या ज्या आरोग्यधामात त्यांना ठेवले तिथले वातावरण कोंदट आणि उदास होते, आणि प्रकृतीला उतार पडत नव्हता. नंतर ते स्वित्झर्लंडमधल्या लेझां या डोंगराळ गावी गेले. तिथे ऊन होते, मोकळी हवा होती, समोर आल्प्सच्या रांगा होत्या, आणि तिथे ते बरे झाले. जागेचा प्रकृतीवर परिणाम होतो ही गोष्ट त्यांनी अशी स्वतः अनुभवली होती. पुढे विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी फिलाडेल्फियाचे नकाशे काढले आणि शहराच्या कोणत्या भागात कोणते आजार एकवटले आहेत, दारिद्र्य आणि प्रदूषण कुठे आहे, हे एकावर एक ठेवून पाहिले.

१९५४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वास्तुकला शाखेचे प्रमुख होम्स पर्किन्स यांनी त्यांना बोलावून घेतले. लँडस्केप आर्किटेक्चरचा विभाग नव्याने उभा करायचा होता. इथून त्यांची प्राध्यापकी सुरू झाली. नवा विभाग सुरू करताना साधारणपणे जुन्या विभागांचा अभ्यासक्रम उचलून थोडा फेरफार करतात. मॅकहार्ग यांनी काही वर्षांतच वेगळी वाट धरली.

त्यांनी ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे माणूस आणि परिसर, या नावाची एक व्याख्यानमाला अभ्यासक्रमात घातली. तिथे पाहुणे म्हणून बोलायला येत ते खगोलशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, धर्मचिंतक, जीवशास्त्रज्ञ. रचना शिकायला आलेल्या मुलांना सुरुवातीला हे बुचकळ्यात टाकणारे होते. हातात पेन्सिल घेण्याआधी विश्वाची उत्पत्ती कशाला ऐकायची? मॅकहार्ग यांचे म्हणणे असे की, ज्या जमिनीवर आपण रेघ ओढणार ती कशी घडली हे ठाऊक नसताना ओढलेली रेघ आंधळी असते. याच व्याख्यानांतून १९६० मध्ये सीबीएस या वाहिनीवर ‘द हाउस वी लिव्ह इन’ ही मुलाखतींची मालिका सुरू झाली. मार्गारेट मीड, एरिक फ्रॉम, पॉल टिलिख यांच्यासारखी माणसे तिच्यात बोलली. पर्यावरण हा शब्द अजून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत यायचा होता, त्या काळातली ही गोष्ट.

त्यांची खरी करामत यापुढची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. पाहुण्याचे व्याख्यान एक तासाचे असते. मॅकहार्ग यांना शास्त्रज्ञ वर्गात कायमचे हवे होते. फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानाचा आधार घेऊन त्यांनी भूगर्भशास्त्र, जलशास्त्र, मृदाशास्त्र, परिसरविज्ञान यांची जाणकार माणसे रचनेच्या विभागात आणली. पुढे मानववंशशास्त्राचीही आणली. रचना शिकवणारा आणि दगड ओळखणारा एकाच टेबलापाशी उभे राहून विद्यार्थ्याचा नकाशा तपासू लागले. विद्यापीठात विभागांच्या भिंती किती जाड असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाचे मोल लगेच कळेल.

वर्गातले काम कसे चाले ते पाहू. विद्यार्थ्यांना एखादी ठरावीक इमारत किंवा चौक न देता एक अख्खा प्रदेश दिला जाई. १९६५-६६ च्या तुकडीने पोटोमॅक नदीचे पूर्ण खोरे घेतले होते. आधी प्रत्येक गट एकेक विषय उचले: हवामान, खडक, भूजल, पृष्ठभागावरचे पाणी, माती, वनस्पती, प्राणी, आणि सर्वांत शेवटी माणसाने केलेला जमिनीचा वापर. हा क्रम कालक्रम आहे. सर्वांत जुनी गोष्ट तळाशी आणि सर्वांत नवी वर. खडक आणि हवामान कळले की माती तशी का आहे ते कळते. माती कळली की तिथे तेच झाड का उगवले ते कळते.

नवशिके पहिल्यांदा चुकतात ते इथेच. ते आजच्या जमीनवापराच्या नकाशापासून सुरुवात करतात, कारण तो सहज मिळतो. घरे, रस्ते, शेते आधी दिसली की तीच कायमची वाटू लागतात आणि खालची जमीन केवळ पाटी होऊन बसते. आपण स्वतः एखाद्या जागेचा असा अभ्यास करायला घेतला, तर तळापासूनच सुरुवात करावी.

प्रदेश हाच धडा, ही कल्पना मॅकहार्ग यांच्या आधीची आहे आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. पॅट्रिक गेडीस हेही स्कॉटिशच. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा आडवा छेद काढायचा आणि कोणत्या उंचीवर माणसे काय काम करतात ते त्यावर मांडायचे, ही त्यांची रीत: वर खाणकामगार, लाकूडतोडे आणि धनगर, खाली शेतकरी, किनाऱ्याला कोळी. हे गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड स्वतःला गेडीस यांचे शिष्य म्हणवत. त्याच ममफर्डनी पुढे मॅकहार्ग यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. जॅकलीन टिरव्हिट यांनी गेडीस यांचे भारतातले अहवाल १९४७ मध्ये संपादित केले आणि १९५० च्या एका पाठ्यपुस्तकात पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवण्याची रीत लिहून ठेवली. त्यामुळे नकाशांचे थर ही मॅकहार्ग यांची एकट्याची निर्मिती नव्हे. त्यांनी त्या रीतीला शास्त्राची बैठक दिली आणि ती इतक्या ठामपणे वापरली की तिला त्यांचेच नाव चिकटले.

पद्धतीकडे वळण्याआधी जमीन वाचणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण जवळून पाहू. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तीन दिवस वादळ घोंगावले आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरची घरेच्या घरे समुद्राने ओढून नेली. मॅकहार्ग यांनी या किनाऱ्याचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करवून घेतला. समुद्राकडून जमिनीकडे येताना आधी पुळण, मग वाळूच्या टेकडीची पहिली रांग, मग खोलगट पट्टा, मग दुसरी रांग, तिच्यामागे झाडी आणि सर्वांत आत खाडी, असा तिथला क्रम. लाटांचा मार खाते ती पहिली रांग. आणि ती रांग उभी असते एका गवताच्या जोरावर.

हे गवत खारा वारा सोसते, कडक ऊन सोसते, अंगावर वाळू साचली तर आणखी उंच वाढते आणि मुळांनी ती वाळू बांधून ठेवते. त्याला सोसत नाही ती माणसाची पायवाट. चार लोक रोज एकाच जागेवरून समुद्रावर गेले की तिथले गवत मरते, वाळू सुटते, टेकडीला खिंड पडते आणि वादळात पाणी नेमके त्या खिंडीतून आत घुसते. शिवाय विहिरींनी गोड्या पाण्याचा उपसा जास्त केला आणि भूजल खाली गेले, तरी गवत वाळते. न्यू जर्सीत लोकांनी या पहिल्या रांगेवरच घरे बांधली होती, कारण समुद्र तिथून छान दिसतो.

यातून निघालेले नियम साधे होते. पहिल्या रांगेवर काहीही बांधू नये. ती ओलांडायची तर वरून लाकडी पूल करावा. मधल्या खोलगट पट्ट्यात फार थोडे बांधावे. वस्ती दुसऱ्या रांगेच्या मागे करावी. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर गवताच्या मुळांवरून आलेली ही नियमावली आहे. मॅकहार्ग यांच्या सगळ्या कामात मला हे प्रकरण सर्वांत जास्त पटते, कारण त्यातले प्रत्येक कारण पायाखाली तपासता येते.

आता पद्धत. न्यूयॉर्क शहराच्या स्टॅटन आयलंड या बेटावर रिचमंड पार्कवे नावाचा हमरस्ता आखला होता. ठरलेला मार्ग बेटाच्या मधोमध असलेल्या जंगल-टेकड्यांच्या हिरव्या पट्ट्यातून जात होता, आणि त्याला स्थानिक लोकांचा विरोध होता. पर्यायी मार्ग शोधण्याचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकहार्ग यांच्याकडे आले.

पहिली पायरी म्हणजे घटकांची यादी. घटक म्हणजे रस्त्याच्या जागेवर परिणाम करणारी कोणतीही एक गोष्ट. काही घटक बांधकामाला अडचण करणारे होते: उतार, पृष्ठभागाचा निचरा, मातीचा निचरा, खडकाचा पाया, धूप. काही घटक रस्त्यामुळे नष्ट होण्याजोगे मोलाचे होते: पाणी, जंगल, वन्यजीव, ऐतिहासिक जागा, निसर्गसौंदर्य, घरे, संस्था.

दुसरी पायरी प्रत्येक घटकाच्या तीन प्रती लावण्याची. उताराचेच घ्या. शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर चढ लागला तर तो दहा टक्के उतार. दहा टक्क्यांहून जास्त उताराची जमीन पहिल्या प्रतीत, अडीच ते दहा टक्के दुसऱ्या प्रतीत आणि अडीच टक्क्यांहून सपाट जमीन तिसऱ्या प्रतीत. पहिली प्रत गडद करड्या रंगाची, दुसरी फिकी करडी, तिसरी कोरी. हे सगळे पारदर्शक कागदावर. एका घटकाला एक कागद.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. गडद रंगाचा अर्थ सगळ्या कागदांवर एकच असला पाहिजे: इथून रस्ता नेला तर समाजाला महाग पडेल. चढ अवघड आहे म्हणून महाग असो की जंगल मोलाचे आहे म्हणून महाग असो, रंग गडदच. एका जरी कागदावर कुणी उलट करून ‘चांगली जमीन ती गडद’ असे रंगवले, तर शेवटचे चित्र साफ चुकते आणि ती चूक नंतर शोधून सापडत नाही. म्हणून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात गडद म्हणजे काय हे लिहिल्याशिवाय पुढच्या कागदाला हात लावू नये.

तिसरी पायरी कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरण्याची. काजळी धरलेल्या काचा एकीवर एक ठेवल्या की जिथे काजळी कमी तिथूनच उजेड येतो, तसे इथे होते. सगळ्या थरांतून जी वाट फिकी दिसते, तिथे रस्ता नेल्याने सर्वांत कमी नुकसान. स्टॅटन आयलंडवर ही वाट हिरव्या पट्ट्याच्या पश्चिमेकडून निघाली. प्रत्यक्षात हिरव्या पट्ट्यातून जाणारा रस्त्याचा भाग पुढे कधीच बांधला गेला नाही. त्यामागे स्थानिक लोकांचा लढा होता; मॅकहार्ग यांच्या नकाशांनी त्या लढ्याला दाखवता येईल असा पुरावा दिला.

हे वाचायला सोपे आहे आणि म्हणूनच यात चुका फार होतात. पहिली चूक एकच गोष्ट दोनदा मोजण्याची. चढ जास्त तिथे धूपही जास्त. दोन वेगळे कागद केले की त्या टेकडीवर काळोख दुप्पट होतो. दुसरी चूक सगळ्या कागदांना सारखे वजन देण्याची. दोन फिके करडे थर मिळून एक गडद थर झाला, तर दोन किरकोळ अडचणी एका मोठ्या हानीएवढ्या ठरतात. तसे त्या असतात का? पिण्याच्या पाण्याचा झरा आणि मातीचा थोडा कमी निचरा यांची बेरीज करता येत नाही. या पद्धतीवर अभ्यासकांनी पुढे जी टीका केली, तिचा गाभा हाच होता. यावर उपाय असा की काही गोष्टी बेरजेत घालूच नयेत. झरा, पूरपट्टा, दरडीची जागा हे थेट ‘वर्ज्य’ म्हणून आधीच बाजूला काढावे आणि उरलेल्या जमिनीची तुलना करावी.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती स्टॅटन आयलंडच्या अभ्यासातच आहे. तिथे राहत्या घरांची प्रत बाजारभावावरून लावली होती. महाग घरे गडद, स्वस्त घरे फिकी. म्हणजे उजेडासमोर धरलेला नकाशा रस्त्याला नकळत गरीब वस्तीकडे ढकलतो. गवताच्या मुळांपर्यंत जाणारा माणूस घराच्या बाबतीत मात्र किमतीच्या पाटीपाशी थांबला. घर हलवल्याने कुणाचे काय मोडते, हे भावावरून ठरवू नये. आज आपण असा नकाशा केला तर या एका कागदासाठी त्या वस्तीत जाऊन माणसांशी बोलावे लागेल. दुसरा मार्ग नाही.

मॅकहार्ग हे सगळे वर्गापुरते ठेवू शकले असते. पण नगररचनाकार डेव्हिड वॉलेस यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी कचेरी काढली. दोन वर्षांनी रॉबर्ट्स आणि टॉड हे भागीदार आल्यावर ती वॉलेस, मॅकहार्ग, रॉबर्ट्स अँड टॉड या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथले पहिले मोठे काम बाल्टिमोर शहराजवळच्या ग्रीन स्प्रिंग आणि वर्दिंग्टन या खोऱ्यांचे. शहर त्या बाजूला पसरत येत होते. तिथल्या जमीनमालकांनी एकत्र येऊन आराखडा मागितला. आराखड्याने सांगितले की खोऱ्यांचा तळ मोकळा ठेवा, कारण खाली चुनखडीच्या जातीचा, पाणी धरणारा खडक आहे. घरे वरच्या पठारांवर बांधा. काही वर्षांनी, १९६७ मध्ये, बाल्टिमोर काउंटीने नागरी आणि ग्रामीण भागांमध्ये हद्दरेषा आखली आणि तिच्या पलीकडे नळपाणी व सांडपाण्याच्या वाहिन्या न नेण्याचे धोरण धरले.

प्राध्यापकाने कचेरी चालवावी का, असा प्रश्न नेहमी निघतो. मॅकहार्ग यांच्या बाबतीत दोन्ही कामे एकमेकांना पोसत होती. वर्गात तयार झालेले विद्यार्थी कचेरीत येत आणि कचेरीतले अडलेले प्रश्न वर्गात जात. नरेंद्र जुनेजा हे भारतीय रचनाकार असेच पेनसिल्व्हेनियात शिकून कचेरीत आले, आणि तिथल्या अनेक महत्त्वाच्या अभ्यासांत त्यांचा मोठा वाटा होता. किनारा, खोरी, रस्ता हे सगळे अभ्यास एकत्र होऊन १९६९ मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’ हे पुस्तक निघाले आणि जगभरच्या रचना महाविद्यालयांत पोचले.

पद्धत जमिनीवर कशी उतरली ते पाहायचे तर टेक्सासमधल्या वुडलँड्सकडे जावे लागेल. तेल उद्योगातले जॉर्ज मिचेल यांना ह्यूस्टनच्या उत्तरेला पाइनच्या जंगलात नवे नगर वसवायचे होते. जमीन सपाट, पाणी तुंबणारी. नेहमीचा उपाय म्हणजे जंगल साफ करायचे, जमिनीखाली मोठ्या नळवाहिन्या घालायच्या आणि पाणी झटपट बाहेर काढायचे. तसे केले की भूजल खाली जाते आणि जी झाडे पाहून लोक राहायला येणार तीच वाळू लागतात.

मॅकहार्ग यांच्या गटाने आधी मातीचा नकाशा केला. वाळूची, पाणी लवकर शोषणारी माती शक्य तिथे मोकळी ठेवली, म्हणजे पाऊस तिथे मुरेल. बांधकाम कमी मुरणाऱ्या मातीवर नेले. नळांऐवजी गवताचे रुंद, उथळ चर ठेवले. त्यांतून पाणी सावकाश वाहते आणि वाटेत जिरते. खर्च कमी झाला: नळवाहिन्यांच्या तुलनेत सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर वाचल्याचा हिशोब त्या काळी मांडला गेला. मिचेल यांच्यासारख्या व्यावसायिकाला हा मुद्दा पटायला वेळ लागला नसावा. १९७४ मध्ये नगर सुरू झाले. १९७९ आणि १९९४ च्या अतिवृष्टीत ह्यूस्टन परिसरातल्या इतर वस्त्यांच्या मानाने वुडलँड्सचे फार थोडे नुकसान झाले.

पुढची हकिकतही सांगायला हवी. चर उघडे असतात, त्यांत गवत वाढते, पाऊस पडला की काही काळ पाणी दिसते. नव्या रहिवाशांना ते गैरसोयीचे वाटले. नंतरच्या वस्त्यांत पदपथाच्या कडेच्या गटारी आणि नळ परत आले. १९९७ मध्ये मिचेल यांनी प्रकल्प विकला. २०१७ च्या हार्वी वादळात वुडलँड्सच्या काही भागांत घरांत पाणी शिरले. अशा कामात आराखडा पुरेसा नसतो: चर कशासाठी आहे हे पुढच्या पिढीच्या रहिवाशाला आणि देखभाल करणाऱ्याला कुणी सांगायचे, याची तरतूद सुरुवातीलाच करावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कुणी करत नाही.

कचेरीचा शेवट मात्र त्यांच्यासाठी सुखाचा झाला नाही. तेहरानजवळ ‘परदिसान’ नावाच्या विशाल पर्यावरण उद्यानाचा आराखडा त्यांच्या गटाने केला होता. १९७९ च्या इराणी क्रांतीने ते काम थांबले, आणि त्यानंतर लवकरच मॅकहार्ग कचेरीतून बाहेर पडले. विभागाचे प्रमुखपद त्यांनी १९८६ पर्यंत सांभाळले. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक आणि २००० मध्ये जपान पारितोषिक मिळाले. ५ मार्च २००१ रोजी ते गेले.

आज कागद आणि उजेडाची गरज उरलेली नाही. जीआयएस, म्हणजे जागेशी जोडलेली माहिती थराथराने साठवून तपासणारी संगणक प्रणाली, हेच काम काही मिनिटांत करते. ही प्रणाली मॅकहार्ग यांच्यामुळे जन्मली असे कधी कधी लिहिले जाते, ते खरे नाही. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन आणि हार्वर्डमध्ये हॉवर्ड फिशर यांचे काम साठच्या दशकातच सुरू होते. संगणकाने वेग दिला, आणि जुन्या चुकाही वेगाने होऊ लागल्या. एक चूक तर वाढलीच. कागदी नकाशांची मापे जुळली नाहीत तर ते एकमेकांवर बसतच नसत. संगणक मात्र ढोबळ मापाचा मातीचा नकाशा ताणून बारीक मापाच्या प्लॉटच्या नकाशावर बिनतक्रार बसवतो, आणि मातीची जी सीमा प्रत्यक्षात शेदोनशे मीटर इकडेतिकडे असू शकते ती एका घराच्या कुंपणाला लागून गेल्यासारखी दिसते.

मॅकहार्ग यांच्या नकाशांसमोरचा सर्वांत मूलभूत प्रश्न त्यांच्याच विभागातून, मुंबईच्या निमित्ताने आला. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा हे दोघे पेनसिल्व्हेनियात शिकवत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर त्यांनी मुंबईचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये ‘सोक: मुंबई इन ॲन एस्चुअरी’ हे प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडले. त्यांचे म्हणणे असे की मुंबई हे कडा ठरलेले बेट नाही, ती खाडीमुखातली जागा आहे. पाणी आणि जमीन यांच्यामधली रेघ भरती-ओहोटीबरोबर आणि पावसाळ्याबरोबर सरकते. नकाशा मात्र ती रेघ कुठल्यातरी एका दिवशी, बहुधा कोरड्या ऋतूत, पक्की करून टाकतो, आणि मग त्या रेघेच्या आत आलेल्या पाण्याला आपण पूर म्हणतो.

म्हणून आपल्या हाती एखाद्या जागेचा नकाशा आला, मग तो घर घेण्यासाठी असो की प्रस्तावित रस्त्यावर हरकत नोंदवण्यासाठी, तर कोपऱ्यात मोजणी कधी झाली ते आधी पाहावे. वर्ष असते, महिना पुष्कळदा नसतो, तो विचारून घ्यावा. मोजणी एप्रिल-मेमधली असेल तर ओढ्याची रेघ तेवढ्यापुरतीच खरी धरावी, आणि ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढते हे तिथे राहणाऱ्या जुन्या माणसांना विचारून त्याचा वेगळा थर काढावा.